पोते आणि नारळ



इंग्रजीच्या तासास 'फिगर्स ऑफ स्पीच' हे प्रकरण निघाले की वर्गात एक विशेष प्रकारची शांतता पसरते. ती आम्हांस आता पुरती परिचयाची झाली आहे. सिमिली, मेटॅफर, मेटॉनिमी, हायपरबोली अशी परक्या मुलखातील पाहुण्यांची रांग फळ्यावर येऊन उभी राहते. विद्यार्थी त्यांची नावे व व्याख्या वहीत उतरून घेतात. आणि परीक्षा आटोपली की पाहुणे आल्या वाटेने परत जातात. मग पालक आम्हांस भेटून विचारतात, "गुरुजी, मुलाला व्याकरण येते, शब्द येतात, तरी धड्याचा अर्थ का लागत नाही?" या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखात द्यावयाचे आहे. परंतु व्याख्यांपासून आरंभ न करिता आम्ही आमच्याच बालपणीच्या एका फजितीपासून आरंभ करतो. तिला फजिती म्हणणेही तसे बरोबर नाही. कारण तिचे दुःख आमच्या घराने पुष्कळ दिवस सोसले.

आम्ही त्या वेळी सातवीत होतो. आमचे गाव कऱ्हाड व सांगली यांच्या मध्ये, कृष्णेच्या काठी. धाकटे काका मुंबईस एका कारखान्यात नोकरीस असत व दरमहा घरी पैसे पाठवीत. एके दिवशी त्यांच्या खोलीत राहणाऱ्या मद्रासकडील एका गृहस्थांचे पत्र आले. त्यांस मराठी लिहिता येत नसे, म्हणून पत्र इंग्रजीत होते. घरात इंग्रजी शिकणारे आम्ही एकटेच. तेव्हा पत्र वाचण्याचा मान अर्थातच आमच्याकडे आला. आजोबा ओसरीवर बसले होते, आजी तांदूळ निवडीत होती. पत्रातील मजकूर असा होता की, कंपनीने तुमच्या मुलास 'सॅक' दिली आहे. तो फार खिन्न आहे. घरी येईल तेव्हा त्यास कठोर शब्द बोलू नये. 'सॅक' म्हणजे पोते, हा अर्थ आमच्या वहीत लिहिलेला होता व तोंडपाठही होता. आम्ही मोठ्या ऐटीने सांगितले, "आजोबा, काकांना कंपनीने पोते दिले आहे." पुढील खिन्नतेचे वाक्य काही केल्या जुळेना, तेव्हा ते आम्ही सरळ गाळून टाकले.

"कसले पोते, बाळा?" आजोबांनी विचारले.

"ते लिहिलेले नाही."

आजीने ठरविले की साखरेचे असावे. तिने ही वार्ता शेजारीपाजारी सांगितलीही. बारा दिवसांनी काका रात्रीच्या गाडीने उतरले. हातात एक लहानशी वळकटी. पत्र पोचले आहे हे त्यांस ठाऊक होते, आणि आपले सर्व घरच्यांस कळले असेल अशा समजुतीने ते खाली मान घालून दारात उभे राहिले. आजी पुढे होऊन हसत म्हणाली, "आणि पोतं रे कुठं?" काका क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले, वळकटी उंबऱ्याशी टाकून तसेच माघारी फिरले, व घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. आपल्या आईने आपली थट्टा केली, असे त्यांस वाटले. मध्यरात्रीनंतर आजोबांनी त्यांस समजूत घालून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पत्र आमच्या इंग्रजीच्या गुरुजींना दाखविले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "काकांना कंपनीने नारळ दिला, असे कोणी सांगितले असते, तर नारळ केवढा होता, असे तू विचारले असतेस काय?"

त्या एका प्रश्नाने जे आम्हांस समजले, ते पुढे महाविद्यालयात वाचलेल्या अलंकारांच्या ग्रंथांनीही त्याहून अधिक स्पष्ट केले नाही. नोकरीवरून दूर करणे ही गोष्ट एकच. इंग्रज तीस पोते म्हणतो, आम्ही नारळ म्हणतो. पूर्वी कारागीर आपली हत्यारे पोत्यात घालून धन्याकडे येत असे व काम सुटले म्हणजे ते पोते त्याच्या हाती परत दिले जाई, अशी त्या शब्दप्रयोगाची उपपत्ती सांगतात. आपल्याकडे निरोपाच्या वेळी सन्मानाने हाती श्रीफळ देतात. त्या सन्मानातील उपरोध तेवढा म्हणीत उरला. दोन्ही प्रयोगांत वस्तू खरी होती, हात खरे होते, निरोपही खराच होता. पुढे वस्तू गळाली आणि निरोप राहिला.

आता या गोष्टीचा शास्त्रार्थ पाहू. आपल्या प्राचीन काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत : अभिधा, लक्षणा व व्यंजना. कोशात मिळतो तो सरळ अर्थ अभिधेचा. तो सोडून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागतो, तेथे लक्षणा. अकराव्या शतकातील काश्मीरचा पंडित मम्मट याने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात लक्षणेला तीन गोष्टी आवश्यक सांगितल्या आहेत. पहिली, मुख्य अर्थ घेऊ गेले असता अडथळा यावा. दुसरी, नवा अर्थ मूळ अर्थाशी कोणत्या तरी नात्याने बांधलेला असावा. तिसरी, असे बोलण्यास रूढीचा आधार किंवा काही विशेष प्रयोजन असावे. मम्मटाने इंग्रजीचे नावही ऐकले नव्हते. परंतु इंग्रजीच्या तासास आम्ही गेली कित्येक वर्षे याच तीन प्रश्नांवर काम चालवीत आहो, आणि पुष्कळ सुबोध मार्गदर्शिकांपेक्षा ते अधिक उपयोगी पडलेले आहेत, असे आमचे मत आहे.

काकांच्या पत्रास हे प्रश्न लावून पाहा. पोते मिळालेला मनुष्य खिन्न का व्हावा? घरच्यांनी त्यास कठोर बोलू नये, अशी विनंती परक्याने का करावी? अडथळा तेथेच, पुढच्याच वाक्यात, ढळढळीत उभा होता. मुलाला तो दिसलाही होता. पण न जुळणारे वाक्य गाळावे, अशी त्याची समजूत होती. येथेच आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांची चूक होते. ज्ञात शब्दाचा ज्ञात अर्थ घट्ट धरून ते पुढे धावतात आणि जे बसत नाही ते सोडून देतात. वस्तुतः जे बसत नाही, तेच थांबण्याचे ठिकाण होय.

एका परीक्षेत 'द केटल इज बॉइलिंग' या वाक्यातील अलंकार ओळखावयास दिला होता. एका मुलाने उत्तर लिहिले : "यात अलंकार नाही. हे वाक्य चूक आहे. केटल उकळल्यास ती वितळेल." आम्ही त्यास शून्य गुण दिले, आणि घरी गेल्यावर स्वतःशीच लाजलो. सर्व वर्गात मुख्य अर्थाचा अडथळा ज्याला दिसला असा तो एकटाच विद्यार्थी! बाकीच्यांनी 'मेटॉनिमी' हे नाव पाठांतरावरून लिहिले होते. त्या मुलाला फक्त दुसरा प्रश्न विचारावयाचा राहिला होता : किटलीशी नाते कोणाचे? आतील पाण्याचे. पात्राचे नाव घेऊन आतील पदार्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास विचारले, "एसटी संपावर गेली, असे म्हणतात. मोटारगाडी संप करते काय?" तो म्हणाला, "नाही, चालक आणि वाहक करतात." "सारे गाव जत्रेला लोटले. मग घरे, विहिरी, पिंपळाचा पार हेही गेले काय?" तो हसू लागला. त्याचे गुण आम्ही दुरुस्त केले.

नावांचा मोह मात्र आवरावा. इंग्रजीतील प्रत्येक अलंकारास मराठीत एकास एक जोडी मिळते, असे नाही. सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, पन म्हणजे श्लेष, येथवर ठीक चालते. परंतु मेटॉनिमीस आपल्याकडे वेगळा अलंकार नाही. ती लक्षणेच्या पोटात राहते. उलट आपली उत्प्रेक्षा, म्हणजे एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना, इंग्रजीत स्वतंत्र नावाने ओळखली जात नाही. ती सिमिलीच्या घरात भाड्याने राहते. आणखी एक सूचना. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसताच सिमिली लिहावयाची, अशी एक खोड मुलांस लागलेली असते. "ती आपल्या बहिणीसारखी उंच आहे" यात उपमा नाही. ही उंचीची सरळ तुलना झाली. "ती शेवग्याच्या शेंगेसारखी उंच वाढली" यात आहे. कारण मुलगी व शेंग या भिन्न जातीच्या वस्तू एका धर्माने जवळ आणल्या. शब्द पाहून नव्हे, तर वस्तू पाहून निर्णय करावा.

आणि वस्तू पाहणे, हीच खरी अडचण आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास ती वस्तू डोळ्यांपुढे यावी लागते. इंग्रज हे बेटावरचे लोक. त्यांची भाषा समुद्राच्या पाण्याने भिजलेली आहे. सोपे काम म्हणजे शांत समुद्रावरील प्रवास, समदुःखी म्हणजे एकाच होडीतले, कामाची माहिती असणे म्हणजे जहाजाचे दोर ओळखणे, आधार म्हणजे नांगर. त्यातही गंमत अशी की, नांगर म्हटला की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे समुद्रतळ नव्हे, तर काळ्या रानातला बैलांचा नांगर उभा राहतो! आमची भाषा शेत, चूल, गोठा व बाजार यांतून आली. आम्ही गळ्यात लोढणे अडकवितो, पाण्यात राहून माशाशी वैर करीत नाही, आणि भ्यालो म्हणजे आमची पाचावर धारण बसते. धारण म्हणजे धान्याचा भाव. महागाईत तो पाच शेरांवर आला की लोकांची भीतीने गाळण उडे, अशी या प्रयोगाची कथा सांगतात. आज भ्यालेल्या मुलाला शेरही ठाऊक नाही आणि धारणही नाही. तरी भीती बरोबर कळते.

सांगलीच्या विद्यार्थ्यांस आम्ही नेहमी एक प्रश्न घालतो : 'पेव फुटले' असे म्हणता, पण पेव पाहिले आहे काय? सांगली ही हळदीची मोठी पेठ. तेथून जवळच असलेल्या हरिपुरात व आसपास हळद साठविण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली असत : तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण, वरून माती घालून बंद केलेले. आत किती माल आहे हे वरून चालणाऱ्यास कळत नसे. पेव उघडले म्हणजे मात्र ढिगांचे ढीग बाहेर येत. पुढे गोदामे व शीतगृहे आली आणि पेवांचे महत्त्व गेले. आता शिकवण्यांचे पेव फुटते, नव्या दुकानांचे पेव फुटते. बोलणाऱ्यास खड्ड्याची आठवणही होत नाही. अशा रूपकास इंग्रजीत मृत रूपक म्हणतात. आम्हांस हे नाव थोडे कठोर वाटते. ते झोपलेले असते. कोणी हरिपुरास नेऊन दाखविले की जागे होते.

याच्या उलट अडचण वर्डस्वर्थ कवीच्या डॅफोडिल फुलांवरील प्रसिद्ध कवितेत येते. ती १८०७ साली प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून ज्यांनी ते फूल कधी पाहिले नाही, अशा असंख्य हिंदी मुलांनी ती पाठ केली. कवी फुलांच्या रांगांस आकाशगंगेतील ताऱ्यांची उपमा देतो. शिक्षक सांगतात, "डॅफोडिल हे पिवळ्या रंगाचे एक फूल आहे", आणि तास संपतो. साताऱ्याच्या मुलांस एवढ्यावर समाधान मानण्याचे कारण नाही. शहराच्या पश्चिमेस कासचे पठार आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत त्याचा समावेश आहे. भाद्रपदात तेथे जाऊन उभे राहावे. तेरड्याचा गुलाबी पट्टा दृष्टी पोचेल तेथवर, मध्येच पांढऱ्या गेंदांचे ठिपके, वर धावते धुके. मोजू म्हटल्यास मोजता येत नाही. आणि मोजता येत नाही अशी दुसरी वस्तू मन आपोआप शोधू लागते. कवीस तारे का आठवले, हे मग व्याख्येवाचून कळते. तेथील एका इवल्याशा जांभळ्या-निळ्या फुलास आपल्या लोकांनी 'सीतेची आसवे' असे नाव दिले आहे. हे नाव ठेवणाऱ्याने अलंकारशास्त्राचा तास ऐकला नसावा.

परक्या भाषेतील अलंकारांशी झगडणारे आपण पहिलेच नव्हे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर यांनी शेक्सपिअरचे हॅम्लेट 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये मराठीत आणले. सांगलीशेजारच्या हरिपुरात १८५५ मध्ये जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल यांनी ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' रचले. ते १८९० मधले. एकाच कृष्णाकाठचे, जवळजवळ एकाच वयाचे हे दोन पुरुष, आणि दोघांपुढेही हाच प्रश्न : इंग्रजी पोते तसेच ठेवावे, की त्याचा मराठी नारळ करावा? हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतात तो राजपुत्र संकटांस समुद्र कल्पितो आणि त्या समुद्रावर शस्त्र उगारण्याची भाषा करतो. पाण्यावर तलवार चालवून काय होणार, म्हणून हे रूपक बिघडले आहे, असा आक्षेप पूर्वीपासून घेतला जातो. आम्हांस तर त्या निष्फळपणातच त्या राजपुत्राचे मन दिसते. पण आमच्या डोंगराळ सातारा जिल्ह्यातील मुलास विचारा : त्याच्या घरी दुःखाचा डोंगर कोसळतो, समुद्र नव्हे. भाषांतर करणारास अशा ठिकाणी शब्द नव्हे, तर संपूर्ण भूगोल बदलावा लागतो.

कवी नारायण वामन टिळक यांचे शेवटचे दिवस साताऱ्यास गेले. तेथेच १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्ती भजनांस परदेशी चालींचे व भाषांतरित कल्पनांचे कपडे घालण्यापेक्षा अभंग व ओवी यांचे घरचे वस्त्र द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या भक्तिगीतांचे बळ पुष्कळ अंशी यात आहे की, ती ऐकणारास आधी दुभाष्या शोधावा लागत नाही. दृष्टांताचेही तसेच. पेरणाऱ्याचा दृष्टांत आमच्या शाळेतील शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावा लागत नाही. खडकाळ बांधावर पडलेल्या दाण्याचे काय होते, हे त्याने स्वतः पाहिलेले असते. महानुभावांच्या केसोबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टान्तपाठा'तील चक्रधरांचे दृष्टांत सातशे वर्षांनंतरही सरळ मनात उतरतात, त्याचे कारण हेच.

तिसऱ्या शक्तीविषयी, व्यंजनेविषयी, थोडेच सांगतो. कारण ती व्याख्येपेक्षा कानाने कळते. येथे मुख्य अर्थास अडथळा येत नाही; तो राहतो आणि त्याच्यामागून दुसरा उमटतो. "सूर्य मावळला" हे जुन्या ग्रंथांतील उदाहरण. गुराख्यास त्याचा अर्थ गुरे परत फिरवा, विद्यार्थ्यास दिवा लावा, वाटसरूस मुक्काम गाठा. दूध सांडणाऱ्या मुलास आई "शहाणाच आहेस!" म्हणते, तेव्हा त्यास बक्षीस मिळाल्यासारखे वाटत नाही. परंतु तोच उपरोध इंग्रजी छापील पानावर आला की आमचा विद्यार्थी तो प्रशंसा म्हणून वाचतो. कारण पानास आवाज नसतो. असा उतारा घरी मोठ्याने, निरनिराळ्या सुरांत वाचून पाहावा.

पालकांकडे आमचे एक मागणे आहे. मुलांसमोर आपली बोली लपवू नका. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाशी शुद्ध व पुस्तकी बोलावे, अशा सद्हेतूने कित्येक घरांत म्हणी, वाक्प्रचार व आजीची कोडी बंद पडली आहेत. कोडे म्हणजे दुसरे काय? ज्याची एक बाजू झाकून ठेवली आहे, असे ते रूपक होय. आपल्या घरी दुकान बंद करणे यास 'वाढविणे' म्हणतात, बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणतात, आणि घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतात. ज्याच्या कानांवर हे रोज पडते, त्यास इंग्रजीत मृत्यूला निद्रा का म्हणतात, हे शिकविण्यास आम्हांस अर्धा तास लागत नाही. ज्याच्या कानांवर पडत नाही, त्यास तासन् तास लागतात.

गेल्या सहामाहीत आम्ही आठवीच्या वर्गास काही इंग्रजी वाक्प्रचार देऊन त्यांच्या जोडीचे मराठी प्रयोग लिहावयास सांगितले होते. त्यांत 'ब्रेक द आइस' हा एक होता. अनोळखी माणसांतील संकोच फोडून बोलणे सुरू करणे, असा त्याचा अर्थ आधी चर्चेत निघाला होता. मिरजेकडील एका मुलीने 'कोंडी फोडणे' लिहिले; हे उत्तर आमच्या टिपणातही होते. माणदेशातून येणाऱ्या एका मुलाने लिहिले : 'गूळपाणी होणे'. हा वाक्प्रचार कोणत्याही कोशात आम्हांस आढळला नाही. त्यास बोलावून विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडं पाव्हणा उन्हातनं आला की आधी गूळ आन् पाणी देत्यात. त्ये पिऊस्तवर कुणी बोलत न्हाई. मग बोलनं सुरू हुतं. आमच्याकडं बर्फ कुठनं आणायचा?"

आम्ही दोघांनाही पूर्ण गुण दिले.